केसांचं कुंपण

३ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी उरातानी-सान मासे घेऊन परत येत होते, तेव्हा समोरच्या किनाऱ्याकडून एक काळं डोकं पाणी कापत येताना त्यांना दिसलं. आधी वाटलं कुत्रं असेल. मग वाटलं ओंडका असेल. होडी जवळ नेल्यावर ओंडक्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. रानडुक्कर. त्यांच्या डोळ्यांदेखत ते उत्तरेच्या कड्याखाली वर चढलं, अंग झटकलं आणि बांबूत शिरलं.

उरातानी-सान गावचे प्रमुख. त्यांनी लगेच लाउडस्पीकरवरून सगळ्यांना सांगितलं, "एकट्याने बागेत जाऊ नका. दिसलं तर पळू नका. पाठ दाखवू नका." शेवटी जरा थांबून म्हणाले, "बाकी काय करायचं ते मलाही माहीत नाही."

आमच्या कुसेजिमा बेटावर आजवर भ्यायचं ते वादळाला आणि आगीला. चार पायांचं सगळ्यात मोठं जनावर म्हणजे दुकानवाल्या नोबुयोचं मांजर. आता हे आलं. बेटावर आम्ही चौदा माणसं, सगळी साठीच्या पुढची. तेरा जण खाली धक्क्याजवळ राहतो आणि वरच्या वाडीत एकच घर उघडं आहे, माझ्या वहिनींचं. दादा गेल्यापासून त्या तिथे एकट्या असतात. वय त्र्याऐंशी. खालून वर जायला दगडी पायऱ्या. दोन्ही बाजूंना सोडून दिलेल्या मिकान संत्र्यांच्या बागा आहेत, त्यांत आता बांबू माजलाय.

मागच्या वर्षी शेजारच्या बेटावर एका माणसाच्या मांडीत सुळा घुसला. बोट येईपर्यंत तो राहिला नाही. लाउडस्पीकर बंद झाल्यावर मला तोच आठवला आणि मग वहिनी आठवल्या. मला भीती वाटते आहे. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला हे कुणापुढे बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

५ ऑक्टोबर

वर गेलो. पायऱ्यांवर वाऱ्याने बांबू करकरला तरी मी थबकत होतो. वहिनी ओसरीवर रताळी निवडत होत्या.

"आलास? आधी श्वास घे. तोंड बघ, पांढरं पडलंय."

"वहिनी, काही दिवस खाली चला. माझ्याकडे वरची खोली रिकामी आहे."

"आणि इथे कोण?"

"इथे कुणी कशाला लागतं?"

त्या हसल्या. "लग्न होऊन आले तेव्हा या वाडीत सकाळी इतकी माणसं बोलायची की चूल फुंकल्याचा आवाज ऐकू यायचा नाही. आता महिन्यातून एकदा तू येतोस. केस कापतोस आणि अंधार पडेल म्हणत पळतोस."

"डुक्कर आलं तर काय कराल?"

"येईना का. कुणीतरी येईल तरी."

त्या थट्टा करत होत्या. मला हसू आलं नाही. उतरताना दर वळणावर मागे पाहिलं.

९ ऑक्टोबर

सुरुवात झाली. उरातानी-सानचं रताळ्यांचं वावर एका रात्रीत नांगरल्यासारखं झालंय. स्मशानाजवळचा दगडी बांध ढासळला. खालचे किडे खायला ते दगड उलथतं म्हणे. जो दगड आम्हाला दोघांना हलला नसता, तो त्याने नाकाने उलटवला. मी त्या दगडाला हात लावून पाहिला. नंतर बराच वेळ हात थरथरत होता. सलूनमध्ये आज कुणाची दाढी नव्हती, तेवढं बरं झालं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

लहानपणी वडिलांकडून ऐकलं होतं की मोठ्या बेटावरचे शेतकरी वावराच्या कडेने माणसाचे केस टांगतात. रानडुकराला माणसाचा वास सोसत नाही. सलूनमध्ये जन्म गेला आणि हे मला दहा दिवसांनी आठवलं.

दुकानात नोबुयोला सांगितलं. ती सोसायटीचं दुकान चालवते. आम्ही शाळेत एका बाकावर होतो, त्यामुळे ती माझी भीड ठेवत नाही.

"केस?" ती म्हणाली. "या बेटावर केस आहेत कुणाला? उरातानीच्या डोक्यावरून माशी घसरते. तुझी पिशवी भरेपर्यंत ते डुक्कर म्हातारपणाने मरेल."

बोलणं लागलं, पण खरं होतं. दाट, लांब केस म्हणावेत असे फक्त वहिनींचे. शिवाय त्यांच्याकडे विंचरून निघालेल्या केसांची पेटीच आहे. जुन्या बायका सुया टोचायच्या उशीत केस भरत, सुया गंजू नयेत म्हणून. वहिनी अजून साठवतात.

आज त्यांचे केस कापायचा दिवस होता. कापलेले केस कांद्याच्या जाळीदार पिशवीचे तुकडे करून त्यांत बांधले आणि त्यांच्या रताळ्यांच्या वाफ्याभोवती टांगले.

"हे काय करतोस?"

"तुमची राखण."

"माझीच राखण माझ्याच केसांनी," त्या म्हणाल्या. "बांध बाबा. तुझं समाधान."

२० ऑक्टोबर

चाललं! खालच्या वाडीत एकही वावर उरलं नाही, आणि वहिनींचा वाफा जसाच्या तसा. एक वेल उपटलेली नाही. वाफ्याच्या कडेला खुरांचे ठसे आहेत, म्हणजे ते तिथवर येतं, पिशवी हुंगतं आणि मागे फिरतं. ओसरीपर्यंतही ठसे होते. पण काही मोडलेलं नाही, काही सांडलेलं नाही. वास सोसला नसेल.

वहिनींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "ते माझ्या बुटांचे असतील."

त्यांची नजर अधू झाली आहे.

मी पेटी मागितली. "सगळी?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, खालच्या लोकांना पण हवेत. त्यांनी जरा विचार केला आणि दिली. जुने केस तुटू नयेत म्हणून काढताना हात जपून वापरला. पेटीत पंचवीस-तीस वर्षांचे केस असतील. तळाचे काळे, वरचे पांढरे.

२७ ऑक्टोबर, रविवार

सगळीकडे पिशव्या टांगून झाल्या. स्मशानात, पाण्याच्या टाकीपाशी, नोबुयोच्या दुकानामागे, धक्क्यावर, आणि एक माझ्या 'ओकिमोतो सलून'च्या दाराजवळच्या खांबाला. उरातानी-सानने लाउडस्पीकरवर माझं नाव घेऊन आभार मानले. म्हणाले, "आता कुंपणाचा खर्च करायची गरज नाही." सहसा माझं नाव असं कुणी चारचौघांत घेत नाही. मी सलूनमध्ये एकटाच होतो तरी उभा राहिलो.

नोबुयोने केक दिला. वर म्हणाली, "तुझ्या वहिनींनी या महिन्यात तांदळाच्या कोंड्याची दोन पोती मागवली. कोंड्यात मुळ्याचं लोणचं घालतायत की आख्ख्या आरमाराला जेवायला बोलावलंय?"

"पूर्वी वाडीत सगळ्यांना वाटायच्या," मी म्हणालो.

"आता कुणाला वाटणार?"

यंदा मुळे जास्त आले असतील.

२ नोव्हेंबर

काहीतरी चुकतंय. काल स्मशानातली पिशवी फाडलेली सापडली. केस मातीत पसरलेले, चघळलेले. आज पाण्याच्या टाकीजवळचीही तशीच. उरातानी-सान म्हणाले, वाऱ्याने पडली असेल. वारा दात उमटवत नाही.

पूर्वी ते फक्त रात्री यायचं. आता भर दुपारी नोबुयोच्या दुकानामागे आलं. ती कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर पडली तर समोर तेच. ती म्हणाली, "हललं नाही. माझ्याकडे बघत राहिलं, आता मी काय देणार म्हणून उभं असावं तसं." तिने डबा फेकला आणि आत येऊन दार लावलं. नोबुयो कधी कशाला भीत नाही. आज तिने चहा दोन वेळा ओतला. एकदा कपात, एकदा टेबलावर.

मी बाहेर जाऊन पाहिलं तेव्हा तिथलीही पिशवी त्याने तोडली होती.

मला वाटतं, आपलं संरक्षण कशात आहे ते त्याला कळलंय. ते आधी तेच मोडतंय. असं जनावर मी ऐकलेलं नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

हे लिहिताना अजून पाठ भिंतीला टेकून बसलोय.

दुपारी उरातानी-सान दाढीला आले. खुर्ची मागे केली, डोळ्यांवर गरम टॉवेल टाकला, गळ्याला फेस लावला. वस्तरा गळ्यावर ठेवला आणि आरशात दाराची काच दिसली. काचेबाहेर ते उभं होतं.

खुर्चीच्या हाताएवढं उंच. मान कुठे संपते आणि अंग कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. नाक काचेला लावलेलं, आणि काचेवर वाफेचा गोल लहानमोठा होत होता.

"का थांबलास?" उरातानी-सान टॉवेलखालून म्हणाले.

"हलू नका."

"कापलंस का?"

"नाही. हलू नका."

"हारु, बेचाळीस वर्षं दाढी करतोयस माझी. कापलं असेल तर सांग. मी काही बोलणार नाही."

मी सांगितलं असतं तर ते उठले असते, आणि माझा वस्तरा त्यांच्या गळ्यावर होता. बाहेर डुकराने खांबावरची पिशवी ओढली. फाडली नाही लगेच. खाली ठेवली, तिच्यात नाक खुपसलं, मग डोकं वर करून दाराकडे बघितलं. पुन्हा नाक खुपसलं. पुन्हा बघितलं. कुणी तरी बाहेर येईल म्हणून थांबल्यासारखं. किती वेळ, सांगता येत नाही. उरातानी-सानच्या गळ्यावरचा फेस वाळला. मग ते फिरलं आणि पायऱ्यांच्या दिशेने गेलं. वरच्या वाडीकडे.

टॉवेल काढून सांगितलं तेव्हा त्यांनी काचेवरचा ओला गोल पाहिला आणि अर्धी दाढी तशीच ठेवून मोठ्या बेटावर फोन लावला. शिकारी बोलवायचं ठरलं.

६ नोव्हेंबर

रात्रभर वहिनींचा विचार. उजाडल्यावर हातात काठी, खिशात केसांची पिशवी घेऊन वर गेलो. पिशव्या निकामी झाल्यात हे कळतंय, तरी खिसा रिकामा ठेवायची हिंमत होत नाही. अर्ध्या वाटेवर उजवीकडे बांबूत काहीतरी माझ्यासोबत चालत होतं. मी थांबलो की थांबायचं. पुढे यायचं नाही, मागे राहायचं नाही. शेवटच्या पायऱ्या मी कशा चढलो ते आठवत नाही.

घरामागून वहिनींचा आवाज येत होता. "हळू. हळू खा. कुणी घेत नाही तुझं." मग हसल्या. इतकं मोकळं हसताना त्यांना मी दादा गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

मी हाक मारली. त्या रिकामी बादली घेऊन पुढे आल्या. एप्रनवर चिखल होता.

"कोणाशी बोलत होता?"

"तुझ्या दादाशी. नैवेद्य दाखवत होते."

दादाचा फोटो आणि देव्हारा तर पुढच्या खोलीत आहे. एकटेपणाने माणसाचं डोकं फिरतं म्हणतात, ते असं चालू होत असेल.

"वहिनी, मी पाया पडतो. खाली चला. ते काल माझ्या दारापर्यंत आलं होतं. इथलं सगळं त्याच्या पायाखालचं आहे."

त्यांचा चेहरा उतरला. "तुझ्या दारापर्यंत? का?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"कुणाला काही केलं त्याने?"

"अजून नाही."

"करणार नाही," त्या म्हणाल्या. मग लगेच, "असं मला वाटतं." जाताना म्हणाल्या, "घराच्या मागे जाऊ नकोस हं. निसरडं झालंय."

शिकारी येणार हे मी त्यांना सांगितलं नाही. उगाच घाबरल्या असत्या.

११ नोव्हेंबर, सोमवार

शिकारी आला. ओचिआई नाव, साठीचा, कमी बोलणारा. बोटीतून लोखंडी पिंजरा उतरवला. आम्ही सहा म्हाताऱ्यांनी तो पायऱ्यांनी वर ओढत नेला, वहिनींच्या घराच्या दोन वळणं खाली.

ओचिआई-सानने वाटेत लेंडी काडीने फोडून पाहिली.

"गावात तांदळाचा कोंडा कोण वापरतं?"

"सगळेच. लोणच्याला."

"इतका?"

मला हसू आलं. मी म्हणालो, वावरं उकरताना कुणाचा तरी डबा सापडला असेल त्याला.

मग मी केसांच्या पिशव्यांचं सांगितलं. वरच्या वाफ्याभोवती चालल्या, बाकी सगळीकडे उलट्या पडल्या. त्याने नीट ऐकून घेतलं.

"माणसाच्या वासाला ते भितं, हे खरं," तो म्हणाला. "पण माणसाच्या हातून एकदा खायला मिळालं, की तोच वास त्याला बोलावतो. कुठेही टांगा. तिथे जेवण आहे असं समजून येतं."

"पण इथे त्याला खायला कोण घालणार?" मी म्हणालो.

त्याने वर पाहिलं. वहिनींच्या घरातून धूर निघत होता. "हं," एवढंच म्हणाला.

पिंजऱ्यात कोंडा टाकला. आम्हाला बजावलं, "इथे हात लावायचा नाही, थुंकायचं नाही, फिरकायचं नाही. वास आला की संपलं." आणि दुपारच्या बोटीने गेला.

१६ नोव्हेंबर

पाच दिवस झाले. पिंजऱ्यातल्या कोंड्याला ते तोंड लावत नाही. आजूबाजूने फिरतं, ठसे रोज नवे. नोबुयो म्हणाली, "बाहेर पोट भरत असेल तर आत कशाला जाईल?" पण बेटावर आता खायला आहेच काय? वावरं संपली, मिकान संपले. मग ते जगतंय कशावर? या प्रश्नाने झोप लागत नाही.

आणि वहिनी रोज त्याच वाटेने पाण्याच्या झऱ्याला जातात.

१८ नोव्हेंबर

एक गोष्ट केली, ओचिआई-सानला सांगणार नाही. खिशात उरलेली पिशवी आज पिंजऱ्याच्या मागच्या गजाला बांधली, अगदी आत हात घालून. ते पिंजऱ्यात जात नसेल तर नको जाऊ दे, पण निदान वहिनींच्या वाटेवर घुटमळू नये. एका ठिकाणी चाललं होतं, तर दुसऱ्या ठिकाणीही चालेल. घरी येईपर्यंत घामाने भिजलो होतो.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सापडलं.

पहाटे वरून लोखंडावर आदळल्याचा आवाज आला, सगळ्या खालच्या वाडीने ऐकला. आम्ही काठ्या घेऊन गेलो तर दार पडलेलं आणि आत ते. आम्हाला बघून अंगावर आलं, गज वाकले, नाकातून रक्त. मागचा गज चाटून ओला केलेला. पिशवीची फक्त दोरी उरली होती.

ओचिआई-सानला फोन केला. पश्चिमेचा वारा सुटलाय, आज बोट नाही. उद्या सकाळी येतो म्हणाला. पिंजरा टिकेल का, विचारलं तर म्हणाला, "शांत राहिलं तर टिकेल."

उरातानी-सान सगळ्यांना घेऊन खाली गेले. मी वहिनींना घरात बसा सांगायला वर जाणार, तोच त्या स्वतः पायऱ्या उतरत आल्या. हातात बादली.

"पुढे येऊ नका," मी ओरडलो.

त्या आल्या. ते त्याच क्षणी थांबलं. आदळणं, फुरफुरणं, सगळं थांबलं. वहिनींना बघून त्याने नाक गजांतून बाहेर काढलं. मला वाटलं आता झेप घेणार.

वहिनींनी ती दोरी पाहिली. दोरीला चिकटलेले दोन-चार पांढरे केस त्यांनी बोटांनी सोडवून घेतले.

"हे माझे?"

"हो. तुमच्या वाटेवर ते येऊ नये म्हणून बांधले होते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावतील असं वाटलं, पण राग नव्हता. मी कधी पाहिला नाही असा चेहरा होता तो.

"हारु, दार वर उचल."

"काय?"

"तुला जमेल. कडी बाजूला आहे."

"वहिनी, ते तुम्हाला फाडेल. बेटावर तेरा माणसं आहेत खाली."

"तेरा," त्या म्हणाल्या. मग पिंजऱ्याजवळच्या दगडावर बसल्या. "बरं. तू जा."

मी गेलो नाही. त्यांना सोडून जायचं धैर्य नव्हतं आणि जवळ जायचंही नव्हतं. वळणावर, त्या दिसतील इतक्या अंतरावर उभा राहिलो. संध्याकाळपर्यंत त्या तिथे बसल्या. अधूनमधून बोलत होत्या, वाऱ्यात ऐकू येत नव्हतं. ते आडवं पडलं होतं. थकलं असणार. अंधार पडायच्या आधी मी त्यांना हाताला धरून घरी नेलं. हात गार पडला होता.

२० नोव्हेंबर, बुधवार

ओचिआई-सान पहिल्या बोटीने आला. आम्ही वर पोचलो तर वहिनी आधीच तिथे होत्या, कालच्याच दगडावर. बादलीत उकडलेली रताळी होती, वाफ येत होती.

आम्हा सगळ्यांना बघून ते पुन्हा उसळलं. पिंजरा एका बाजूने उचलला जात होता. नोबुयोने माझी बाही धरली, मी तिची. ओचिआई-सानने बंदूक भरली आणि थांबला.

"असं नाचत राहिलं तर नेम नीट बसत नाही," तो म्हणाला. "दोन-तीनदा मारावं लागतं. बाईंना खाली न्या."

"उभा राहील तो," वहिनी म्हणाल्या.

"आजी, मागे व्हा."

"उभा राहील म्हणते ना. तुम्ही बाजूने या. एकदाच मारा."

त्या पिंजऱ्यापाशी गेल्या. बादली खाली ठेवली आणि बादलीच्या कडेवर बोटांनी टकटक केलं. "ये. इकडे. माझ्याकडे बघ. हळू खा."

ते आलं. सगळ्यांच्या देखत आलं, गजाशी उभं राहिलं आणि त्यांच्या हातावर नाक टेकवलं. शेपूटसुद्धा हलेना. ओचिआई-सान वहिनींकडे बघत राहिला. मग डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवली आणि बाजूने गेला. मी डोळे मिटले. एकच आवाज झाला.

डोळे उघडले तेव्हा वहिनी उरलेली रताळी पिंजऱ्यासमोर एकेक करून ठेवत होत्या. मग एप्रनला हात पुसले आणि कुणाशी न बोलता वर गेल्या.

"काय छाती आहे बाईची," उरातानी-सान म्हणाले. "माझी तर पाऊल टाकायची हिंमत नव्हती."

मी ओचिआई-सानला म्हटलं, "रात्रभर उपाशी होतं, म्हणून रताळ्यांना भुललं."

"उपाशी नव्हतं ते, ओकिमोतो-सान," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुम्ही जाता का त्यांच्याकडे?"

"महिन्यातून एकदा. केस कापायला."

त्याने बंदूक पुसून पिशवीत घातली.

२१ नोव्हेंबर

मांसाचे वाटे झाले. नोबुयोने सोयाबीनचा मिसो घालून मोठं भांडं चढवलं, सगळी खालची वाडी जेवली. महिन्याभराने मोठ्याने बोलणं झालं. वहिनींचा वाटा मी घेऊन गेलो, सगळ्यात चांगला, पाठीकडचा. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, वाकून आभार मानले. जेवायला बस म्हटल्या नाहीत. नेहमी म्हणतात.

आता भीती जायला हवी होती. गेली नाही. चालताना अजून कान बांबूकडे असतो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आठवडाभर वहिनी दुकानात आल्या नाहीत. कोंडा मागवला नाही, सोयासॉस नाही, काहीच नाही. आज नोबुयो म्हणाली, "हारु, वर जा."

"का?"

"का काय विचारतोस? जा."

काठी घेतली नाही. घ्यायचं सुचलं नाही. पायऱ्या चढताना मनात एकच चित्र होतं की दार लावलेलं असेल, हाक मारीन आणि उत्तर येणार नाही. पिंजरा होता तिथे गवत दबलेलं आहे. रताळी कुणी उचललेली नाहीत, पाखरांनी टोचलीत. तिथून पुढे मी पळालोच.

वहिनी ओसरीवर होत्या. बसलेल्या, जिवंत. अंगणातल्या मिकानच्या झाडाखाली नवी माती टाकलेली दिसली, वर उदबत्ती जळून गेलेली. मांजर मेलं असेल कुणाचं.

पुढ्यात मोठं लोखंडी भांडं होतं. रताळ्यांनी काठोकाठ भरलेलं.

"एवढी कुणासाठी?"

"चार वाजले की हात आपोआप उकडायला घेतात," त्या म्हणाल्या. "मग टाकून देते. बस."

"मी जेवून आलोय."

"बस रे."

बसलो. त्यांनी एक सोलून दिलं. मग दुसरं, न सोलता. मी खात होतो आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला संकोच वाटला, घास घशात अडकला. मी खोकलो.

"हळू," त्या म्हणाल्या. "हळू खा. कुणी घेत नाही तुझं."

हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे ते आठवायला लागलो, आणि मानेवर काटा आला. मग मी आठवायचं थांबलो. तिसरं रताळं घेतलं. भूक नव्हती, तरी घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता, तो जाऊ द्यायची मला छाती नव्हती.

उठलो तेव्हा ऊन बांबूच्या शेंड्यावर गेलं होतं. अंधार पडेल असं म्हणणार होतो, म्हणालो नाही.

"उद्या ये," वहिनी म्हणाल्या.

"केसांना अजून वेळ आहे."

"केसांचं म्हणत नाही मी."

"येतो," मी म्हणालो.

मी अंगण ओलांडायच्या आतच त्यांनी टोपली पुढे ओढली आणि उद्याची रताळी निवडायला घेतली.